बी साइडवरचा तारिक

पटलं नाही तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही. वाद घालणं मी त्याच हिवाळ्यात सोडलं.

पण हे घडलंय. माझ्यासोबत. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात, २००६ च्या जानेवारीत, भाड्याच्या एका खोलीत.

माझं नाव अश्वजित. तेव्हा मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका सूतगिरणीत दिवसपाळीला होतो. खोलीत माझा जोडीदार तारिक. तो एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, रातपाळीला. कापसाचा हंगाम लागला की आमची गाठच पडायची नाही. मी सकाळी बाहेर पडल्यावर तो यायचा, आणि मी संध्याकाळी परतायचो तेव्हा तो गेलेला असायचा. सुटीला तो यवतमाळला घरी जायचा.

आम्हाला बांधून ठेवणारी एकच गोष्ट होती. ग्रंज.

हसू नका. नव्वदच्या दशकातलं ते अमेरिकन रॉक. मळकट स्वेटर, विस्कटलेले केस, किंचाळणाऱ्या गिटारी. तारिकचे वडील नजीरचाचा यवतमाळात टेप-रेडिओ दुरुस्त करायचे आणि कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी भरून द्यायचे. नागपूरच्या कुणीतरी भरायला दिलेल्या एका कॅसेटची तारिकनं गुपचूप कॉपी केली, आणि आम्ही दोघंही बिघडलो.

वाद एकच. सगळ्यात भारी बँड कोणता?

मी पर्ल जॅमवाला. तारिक अ‍ॅलिस इन चेन्सवाला. साउंडगार्डनवर दोघांचंही एकमत. निर्वाणा नावाच्या बँडचा विषय निघाला की तो मला छळायचा, "तू विहारात जानारा मानूस, तुले तं निर्वाणाच आवडाले पाह्यजे!"

गाठ पडत नव्हती म्हणून आम्ही कॅसेटवर भांडायचो. एकच कॅसेट. ए साइड माझी, बी साइड त्याची. संध्याकाळी मी त्याचं ऐकायचो, माझं उत्तर रेकॉर्ड करायचो आणि कॅसेट टेपमध्येच ठेवायचो. दुसऱ्या दिवशी तो माझ्या उत्तराची चिरफाड करायचा. जुनं पुसलं जायचं, नवं चढायचं.

"अबे, तुह्या गायकाचा गळा भारी हाय, मानलं," तो म्हणायचा. "पण एकटा हाय थो. आमच्याइथं दोन गळे संगं चालतात. एक वरून, एक खालून. एकाले काढलं तं गानं मरते. समजलं? बोल आता."

शेवट नेहमी तोच. बोल आता.

आमचंही तसंच होतं. मी गायचो, तो गिटार वाजवायचा. नागपूरच्या एका हॉटेलात बँडसाठी पोरं पाहिजेत असं कळलं, तेव्हा आम्ही जाऊन वाजवून आलो आणि परतताना हातावर हात मारला. गेलो तर दोघं. नाही तर कोणीच नाही.

हॉटेलचा निरोप यायचा होता. माझा सगळा जीव त्या निरोपात अडकला होता. त्या वर्षी कापसाचे असे हाल होते की आमची गिरणी आज बंद पडते की उद्या, एवढंच बाकी होतं.

मग ते सुरू झालं...

आधी लक्षात आलं ते चक्कीचं. आमची घरमालकीण धुरपताबाई, तिची पिठाची चक्की खोलीला लागूनच. तारिक दिवसा रेकॉर्ड करायचा, त्यामुळे त्याच्या बोलण्यामागे चक्कीची घरघर असायचीच.

एका संध्याकाळी बी साइड लावली. तारिक बोलत होता. आणि मागे...

काहीच नव्हतं.

चक्की नाही. कुत्रं नाही. रस्त्यावरची एक सायकलसुद्धा नाही.

मला वाटलं, लाइट गेल्यावर सेलवर रेकॉर्ड केलं असेल. आमच्याकडे लाइट असण्यापेक्षा नसायचीच जास्त.

मग माठ. सकाळी भरून ठेवलेलं पाणी संध्याकाळी तेवढंच असायचं. त्याचा साबण कोरडा. त्याच्या अंथरुणाची घडी मोडलेली नाही.

पठ्ठ्या थंडीत आंघोळ टाळतो आणि जिनिंगमध्येच झोपतो, असं म्हणून मी एकटाच हसलो.

कारण आवाज तर रोज येत होता.

फक्त तो बदलला होता. तारिकनं जन्मात कधी हार मानली नव्हती. हा मानायचा. "खरं हाय तुहं," म्हणायचा. "पर्ल जॅमच भारी." मग हळूच विचारायचा, गिरणीत आज काही झालं का? घरची आठवण येते का? नागपूरचं नाही जमलं तर काय करशील?

मीही बावळटासारखा सांगत गेलो. जे तारिकला तोंडावर कधी सांगितलं नसतं, ते सगळं त्या फितीला सांगितलं. वाटलं, मित्र असावा तर असा.

आणि शेवटी "बोल आता" नसायचं.

"मी इथंच आहो," तो म्हणायचा. "बोल."

एका रविवारी टेपचा बेल्ट घसरायला लागला. तो घेऊन मी नजीरचाचांकडे गेलो.

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे, तू नागपूर क्यों नहीं गया?"

"निरोप कुठं आला, चाचा?"

त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"तारिक तो दिवाली के बाद से उधरीच है. हॉटल में बजाता है. बोला, अश्वजितने ना कर दी."

मी ना केली?

माझे कान तापले. "अन् जिनिंगची रातपाळी?"

"वो तो कब की बंद. कपासच नहीं आ रहा."

मी बी साइड लावली. चाचा ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनीच बटण दाबून टेप बंद केला.

"आवाज उसीकी है," ते हळू आवाजात म्हणाले. "पर ये खांसता नहीं... जिनिंग में लगा तब से मेरा बेटा चार लफ्ज बिना खांसे नहीं बोलता."

खरंच की. कापसाच्या धुळीनं तारिकची छाती भरली होती. इतके दिवस ऐकत होतो, आणि हे मला कळलं नव्हतं.

शेजारच्या एसटीडी बूथवरून हॉटेलात फोन लावला. पलीकडून आधी खोकला आला. मग तारिक.

"अशू... त्यायले एकच पाह्यजे होता रे. तुले तोंडावर कसं सांगू, म्हून मी..."

"कॅसेट कोन भरून राह्यलं?" मी मध्येच ओरडलो.

"कोनती कॅसेट? मी दिवाळीपासून खोलीवर पाय नाही ठेवला."

मी फोन ठेवला.

खरं सांगतो, भीती नंतर वाटली. आधी रडू आलं. भर बाजारात, बूथच्या काचेला डोकं टेकून रडलो. ज्याच्यासाठी मी एकट्यानं जायचा विचारसुद्धा केला नव्हता, त्यानं माझ्याच नावानं खोटं सांगून माझी जागा खाल्ली होती.

चाचांनी बेल्ट बदलून दिला. टेप घेऊन खोलीवर आलो तेव्हा दिवस मावळत होता. धुरपताबाई चक्की झाडत होती.

"काहून रे, मिटलं का भांडन?" तिनं विचारलं. "काल तं दोघं संगंच बोलून राह्यलते."

काल मी खोलीत एकटा होतो.

टेप तिथंच नालीत फेकायला हवा होता. पण राग डोक्यात गेला होता. दार लावलं. ए साइड. माझी साइड. रेकॉर्डचं बटण दाबलं आणि तोंडाला येईल ते बोललो.

"दगाबाज हाय तू, तारिक. दोघं जाऊ म्हटलं होतं. तू माह्या नावानं खोटं बोलला. तुह्या त्या दोन गळ्यायची गोठ खोटी. तू खोटा!"

रिवाइंड केलं. प्ले दाबलं.

माझा आवाज आला. आणि त्याच्या खाली...

आणखी एक आवाज.

तेच शब्द. त्याच वेळी. त्याच रागानं.

एक वरून, एक खालून.

माझं बोलणं संपलं. वरचा आवाज थांबला.

खालचा थांबला नाही.

"थो गेला, अशू," तो म्हणाला. "मी कुठं गेलतो?"

फीत नुसतीच फिरत राहिली. मागे चक्की नाही, कुत्रं नाही, काही नाही. मग अगदी जवळून...

"मी इथंच आहो. बोल."

हाताला लागले तेवढे कपडे मी पिशवीत कोंबले. टेप चालू होता, तो तसाच सोडला. किल्ली खिडकीच्या फळीवर ठेवली आणि कुणालाही न सांगता निघालो. तारिकही असाच निघाला असेल, हे रस्त्यावर आल्यावर डोक्यात आलं.

तारिक नंतर परत आला. आता चाचांच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करतो. भेटला की चहा होतो. त्यानं हात धरून माफी मागितली, मी "जाऊ दे" म्हटलं. पण ते आतून जात नाही. बँडचं नाव आम्ही दोघंही काढत नाही.

मागे धुरपताबाई बाजारात भेटली. त्या खोलीत भाडेकरू टिकत नाही म्हणाली.

"संध्याकायी कोनी तरी बोलते आतमंदी. जरासं बोलते... मंग थांबते. समोरच्यानं उत्तर द्यावं म्हून थांबावं, तसं. कोन हाय रे थो?"

मी भाजीची पिशवी उचलली आणि घाई आहे म्हणालो.

तो कोण, मला आजही माहीत नाही. पण त्या हिवाळ्यात मला सोडून न गेलेला तो एकटाच होता, आणि त्याला मी न सांगता टाकून आलो. लोहाऱ्यावरून जायची वेळ आली की मी अजूनही गाडीच्या काचा वर करून घेतो.