शंभर रिव्हर्स

आकडा पाहून ती खुर्चीतून उठलीच. दिवसाला नऊशे गाड्या! शाळेसमोरच्या त्या अरुंद गल्लीत? तिथे दुपारी मांजर रस्त्याच्या मधोमध निवांत अंग चाटत बसतं, आणि म्हणे नऊशे गाड्या!

शहरातल्या रस्त्यांचं नियोजन हे तिचं काम. वर्षभर डोकेफोड करून तिने एक प्रस्ताव उभा केला होता. शाळेसमोरची गल्ली गाड्यांना बंद करायची आणि मुलांना मोकळं चालू द्यायचं. समितीने अट घातली, दिवसाला सहाशेहून कमी गाड्या जात असतील तरच. म्हणून आठवडाभर गल्लीत आडवी रबरी नळी टाकली होती. तिच्यावरून गाडी गेली की खांबाला बांधलेल्या डबीत आकडा एकने वाढायचा आणि वेळही नोंदली जायची. बैठक गुरुवारी होती. पुन्हा मोजायला आठवडा लागला असता, आणि त्यानंतरची बैठक थेट पुढच्या वर्षी.

तणतणत ती गल्लीत पोचली, तर समोर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावलेली गाडी. गाडी पुढे आली, नळीवरून. मागे गेली, नळीवरून. परत पुढे. परत मागे...

"थांबवा!" तिने बॉनेटवर हात आपटला.

गाडी आचके देत बंद पडली. शिकवणाऱ्याच्या सीटवरून तिशीतला एक माणूस उतरला. सगळं शहर त्याला मास्तर म्हणायचं.

"मॅडम, शिकणाऱ्याला असं दचकवू नये. क्लच सुटतो."

"माझं वर्ष सुटलंय हातातून! ही नळी दिसत नाही तुम्हाला?"

"दिसते की. मला वाटलं, खास आमच्यासाठीच टाकलीय. मागचं चाक बरोबर नळीवर आलं की स्टिअरिंग वळवायचं. फार सोय झाली बघा."

तेवढ्यात तिचं लक्ष स्टिअरिंगमागे गेलं. चष्मा सावरत, बाहेर न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत तिची सख्खी आत्या बसली होती.

"आत्या! तू?"

"तुला सांगितलं असतं तर भाषण ऐकावं लागलं असतं, चिमे."

ती आत्याकडेच राहायची. गाड्या कमी करा, गाड्या कमी करा, हा जप आत्याने सकाळ-संध्याकाळ ऐकला होता. आणि साठाव्या वर्षी तीच आत्या चोरून गाडी शिकत होती!

"कशाला हवीय तुला गाडी?"

"माझ्या गुडघ्यांना विचार तुझ्या बसचं. तासाला एक येते, स्टॉपवर बसायला बाक नाही. दवाखान्यात काय उडत जाऊ?"

मास्तर गालातल्या गालात हसत होता. तिला त्याचा भयंकर राग आला. आत्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून जरा जास्तच.

पण डोकं जरा थंड झाल्यावर तिने हिशोब मांडला. मास्तरचा एक नियम होता. शंभर वेळा नीट रिव्हर्स घेतल्याशिवाय तो कुणाला परीक्षेला पाठवायचा नाही. प्रत्येक रिव्हर्सची वेळेसकट खूण तो वहीत करायचा. आत्याच्या दोनशे बारा झाल्या होत्या आणि त्यातल्या नीट फक्त चौऱ्याण्णव. सगळ्या शिकणाऱ्यांच्या मिळून रोज पावणेदोनशे, आणि प्रत्येक वेळी गाडी नळीवरून दोनदा जायची, एकदा पुढे, एकदा मागे. म्हणजे रोज साडेतीनशे वेळा नळीवरून गेलेली गाडी एकच, मास्तरची!

"ती वही मला द्या," ती म्हणाली. "नऊशेतून तुमच्या खेपा वजा झाल्या की माझी गल्ली बंद होईल."

"आणि मी शिकवू कुठे? अख्ख्या शहरात एवढी शांत जागा दुसरी नाही." तो हसायचा थांबला होता. "म्हणजे माझ्या पायावर धोंडा मीच पाडून घ्यायचा, तोही माझ्याच वहीने. विचार करून सांगतो."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.

"झाला विचार?"

"चालू आहे. तुम्ही रागावलात की तुमचं नाक लाल होतं, माहितेय?"

"मास्तर!"

"वहीत लिहिलं नाही अजून. नुसतं सांगतोय."

ती संतापून निघाली, थोडी पुढे गेली आणि तशीच मागे फिरली. "उद्या सकाळी शाळा भरायच्या वेळी या. गाडी न आणता. बस स्टॉपपासून शाळेपर्यंत माझ्याबरोबर चालायचं. तेवढंच."

तो आला. चालण्याची सवय नसल्यासारखा, दोन्ही हात खिशात घालून. पाचशे पावलांचा रस्ता, पण फुटपाथवर गाड्या उभ्या आणि मुलं रस्त्यावर. एका गाडीचा आरसा त्याच्या कोपराला सणकून लागला. त्याच उंचीला, त्याच्या पुढे चालणाऱ्या मुलीचं डोकं होतं. तो त्या मुलीच्या आणि गाड्यांच्या मधून चालू लागला, थेट शाळेच्या फाटकापर्यंत.

"लागलं का?" तिने विचारलं.

"नाही." कोपर चोळत तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघताच, "तुम्ही हे रोज बघता?"

"रोज."

"मग एवढंच रागावता? मी तर..." त्या क्षणी तिला त्याच्या कोपरावर हात ठेवावासा वाटला, आणि मग स्वतःचाच वैताग आला. गाडी शिकवणारा माणूस! शहरात दुसरं कुणी नव्हतं?

वही मात्र त्याने दिली नाही. तीही पुन्हा मागायला गेली नाही. त्या संध्याकाळी तिने प्रस्तावाला एक पान जोडलं. आत्याच्या वस्तीतून दर पंधरा मिनिटांनी छोटी बस आणि स्टॉपवर बाक. हे आधीच सुचायला हवं होतं, असं म्हणत तिने कपाळावर हात मारला.

गुरुवारी बैठकीत समितीच्या साहेबांनी नऊशेचा आकडा वाचला आणि फाइल मिटली. "विषय संपला."

"संपला नाही साहेब." दारातून आवाज आला. मास्तर उभा होता, काखेत वही. "त्यातल्या साडेतीनशे गाड्या मी आहे."

सगळे हसले. तो हसला नाही. एकेक पान उलटून त्याने वेळा वाचून दाखवल्या. डबीतल्या आकड्यांशी त्या तंतोतंत जुळल्या. राहिल्या साडेपाचशे. साहेबांनी चष्म्यावरून विचारलं, "गल्ली बंद झाली तर तुमचं काय?"

"माझं बघेन मी कुठेतरी," एवढं बोलून तो निघून गेला.

प्रस्ताव मंजूर झाला, बससकट. कुणीतरी अभिनंदन केलं. तिने ते ऐकलंही नाही, जिन्यावरून धावत खाली आली. बाहेर गाड्यांची ही रांग लागलेली, कर्कश हॉर्न, बारीक पाऊस, आणि त्या रांगेत अडकलेली मास्तरची गाडी. चालवत होती आत्या. आदल्या दिवशीच परवाना मिळाला होता आणि ती ऐटीत होती. मास्तर शेजारी बसला होता.

गाडी गोगलगायीसारखी सरकत होती. चार ढांगांत ती खिडकीशी पोचली.

"काय गरज होती तुम्हाला?" गाडीबरोबर चालत ती ओरडली. "मी मागायची थांबले होते ना? आता शिकवणार कुठे?"

"शहराबाहेर एक माळ आहे. लांब आहे जरा."

"लांब! रोज तासभर जायला, तासभर यायला! असा कसा हो माणूस तुम्ही? आधी माझा आकडा बिघडवायचा, मग स्वतःचं नुकसान करून तो सुधारायचा. तुमचा इतका राग येतो मला, इतका... की सकाळी उठल्यावर पहिली तुमचीच आठवण येते!"

मागच्या गाडीचा हॉर्न मध्येच थांबला. तिचं नाक लालबुंद झालं होतं.

मास्तरने पट्टा सोडला. "तुम्हाला आवडतो म्हणायला एवढं ओरडावं लागतं?"

"आवडतो असं मी म्हटलं नाही!"

"मी म्हणतो मग. मला आवडता तुम्ही. पहिल्या दिवशी बॉनेटवर हात आपटलात ना, तेव्हापासून." त्याने दार उघडलं. "आत्या, मी उतरू का? तुम्हाला जमेल ना एकटीला?"

"उतर बाबा! नाहीतर ही खिडकीतून आत येईल."

तो उतरला. छत्री दोघांकडेही नव्हती. ती अजून धुसफुसत होती, पण त्याने हात पुढे केला तेव्हा तिने तो धरला, आणि जरा जास्तच घट्ट.

चालत घर वीस मिनिटांवर होतं. ते फाटकाशी पोचले तेव्हा आत्याचा पत्ताही नव्हता. भांडण मात्र अर्धंच झालं होतं. म्हणून ते आत न जाता तसेच पुढे चालत राहिले.