बारा कोट आखूड

सकाळी साडेआठला फोन वाजला तेव्हा आत्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होती.

"आत्या, आत्ताच्या आत्ता दुकानात ये," भाची म्हणाली. "आणि तुझी ती पोलादी पट्टी आण."

"झालं काय?"

"कोट आखूड झालेत. बाराच्या बारा."

आत्याने किल्ली तशीच घड्याळात सोडली आणि चपला घातल्या.

तीस वर्षं ती वजनमाप खात्यात निरीक्षक होती. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून ठोकून वर घेतलेला मापाचा तळ, असलं मापातलं पाप तिला लांबून दिसायचं. खात्यात म्हणत, बाईंना स्थळ दाखवलं तर आधी त्याचं माप घेतील. बाईंनी लग्नच केलं नाही, त्यामुळे खरंखोटं कुणाला कळलं नाही.

दुकानाबाहेर ती सवयीने थांबली. बोर्डाच्या वरच्या अर्ध्यात भाचीचं नाव होतं. खालचा अर्धा नुसताच हिरवा. रंगारी जेवायला गेला आणि परत आलाच नाही, असं वाटावं.

आत भाची येरझारा घालत होती. कापायच्या टेबलाशी मास्तर खाली मान घालून उभे होते. खिडकीजवळ भाचीच्या थोरल्या जाऊबाई एका कोटाला हूक लावत होत्या. मनगटाला पिनांची गादी, शेजारी हूक बसवायची छोटी पक्कड. मास्तर कापायचे, भाची शिवायची, थोरली अस्तर, हूक आणि बटणं बघायची. इतकंच माणसांचं दुकान.

"सकाळी बँडचा ट्रम्पेटवाला आला, कोट घालून बघायला," भाची म्हणाली. "बाही मनगटाच्या वर. बटण लागेना. मग मी सगळे मोजले. परवा त्यांचा कार्यक्रम आहे, आत्या. कोट चांगले झाले तर वर्षाचं सगळं काम आपल्याला, नाहीतर समोर."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडचा टेलर. हेच काम त्यालाही हवं होतं.

"आणि मास्तर सहा महिन्यांपूर्वी त्याच्याकडूनच आलेत," भाची आवाज न उतरवता म्हणाली. "दुपारी मी त्यांना जायला सांगणार आहे."

मास्तरांनी मान वर केली नाही. आखूड कापणारा म्हणून हाकललेल्या माणसाला या बाजारात पुन्हा कोण उभं करणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"दुपारला वेळ आहे," आत्या म्हणाली. "मापवही दे."

तिने पोलादी पट्टीने तीन कोट मोजले आणि वहीशी ताडून पाहिले. बाही एक इंच कमी. लांबी एक इंच कमी. पाठीची रुंदी मात्र दोन इंच कमी. तिन्ही कोटांत हेच.

"वहीतली मापं बरोबर आहेत?"

"ट्रम्पेटवाल्याला सकाळी पुन्हा मोजलं, माझ्या गळ्यातल्या नव्या टेपने. वही बरोबर आहे. कापडच आटलं असेल का गं?"

"कापड आटलं तर लांब तुकडा जास्त आटेल, बाही कमी. इथे दोन्हीला एकच इंच. इतकं शहाणं कापड मी पाहिलेलं नाही." आत्या मास्तरांकडे वळली. "पाठ कशी कापता?"

"कापड दुहेरी घालून. अर्धं माप लावायचं, उघडलं की पूर्ण."

"म्हणजे टेपची चूक एक इंचाची असेल तर पाठीत ती दोनदा पडणार. कुठल्या टेपने कापता?"

मास्तरांनी भिंतीतल्या खिळ्याकडे बोट केलं. "ह्या. मालकीणबाईंचा नियम आहे. गिऱ्हाइकाचं माप कशानेही घ्या, कात्री चालवायची ती ह्याच टेपवर."

"माझ्या गुरुबाईंचा आहे तो," भाची जरा अवघडून म्हणाली. "लाभतो मला."

आत्याने टेप उतरवला आणि पट्टीवर ठेवला. टोकाची पत्र्याची टोपी नीट दाबलेली होती. टोपीनंतर पहिला आकडा दिसत होता दोन. तिने नखाने टोपी उचकटली. खाली एक होता आणि त्याच्या आधी काहीच नव्हतं. पहिला इंच कापून टोपी पुन्हा बसवलेली.

"लाभला बरं का," आत्या म्हणाली.

भाचीचा चेहरा उतरला, मग लालबुंद झाला. "तुम्हाला दिसलं नाही, मास्तर? तीस वर्षं कापताय आणि टेपला पहिला इंच नाही हे दिसलं नाही?"

"कापणारा टोकाकडे बघत नाही," मास्तर पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "टोक अंगठ्याखाली असतं. डोळा आकड्यावर. आणि मला हे करायचंच असतं तर पुरावा खिळ्याला टांगून ठेवला असता का?"

"मग कुणी केलं?"

"मांजराने नाही केलं एवढं नक्की," थोरली खिडकीतून म्हणाली. "सकाळी कुलूप मी काढते, रात्री ही लावते, दिवसभर मास्तर असतात. आम्हा तिघांपैकीच कुणीतरी. विचारा काय विचारायचं ते."

आत्या स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. वर भिंतीवर पेपरातलं कात्रण चौकटीत लावलेलं होतं. हसणारी भाची आणि फोटोच्या कडेला तिच्या खांद्यावरचा एक हात, मनगटाला पिनांची गादी बांधलेला. बाकीचं माणूस कापलं गेलं होतं.

"अस्तर कोण कापतं?"

"मीच. घरी."

"ह्या टेपने?"

"छे. माझा टेप वेगळा." थोरलीने पिशवीतून तो काढून दिला. आत्याने पट्टीला लावला. बरोबर होता, अगदी काटेकोर.

"मापं कुठून घेतलीत?"

"वहीवरून. वही मीच तर लिहिलीय."

"बाहेरचं कापड कापून झाल्यावर त्याला जोडून कापलंत?"

"कुठलं हो. कापड आठवडाभर उशिरा आलं. माझी बाराही अस्तरं त्याआधीच इस्त्री करून तयार होती. विचारा मास्तरांना."

मास्तरांनी मान डोलावली. "खरं आहे. वहिनींचं काम कधी मागे राहत नाही."

आत्या उठली. तिने एक कोट उलटा केला आणि बाहीत हात घातला. अस्तर गुळगुळीत, कुठे चुणी नाही, कुठे झोळ नाही. दुसरा घेतला. तिसरा घेतला. तिला आपली जुनी कचेरी आठवत होती. तिच्या हाताखाली शिकलेली पोरगी तिच्या डोक्यावर साहेब म्हणून बसली, तेव्हा तिने त्या पोरीची एक फाईल तीन दिवस दाबून ठेवली होती. पोरीला बोलणी खावी लागली होती. आत्या त्या रात्री जेवली होती, नेहमीपेक्षा एक घास जास्तच.

"ये इकडे," ती भाचीला म्हणाली. "नीट ऐक. मास्तरांनी कापडाला कात्री लावेपर्यंत कोट आखूड होणार हे कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. वहीत बाही चोवीस आहे. बरोबर टेपने, वहीवरून, आधीच कापलेलं अस्तर चोवीसला बसणारं हवं. तेविसाच्या बाहीत ते एक इंच लोंबायला हवं होतं. पहिल्याच कोटाला बोंब झाली असती आणि बाकीचे अकरा वाचले असते. पण लोंबत नाही. बाराही अस्तरं आखूड कोटांना चपखल बसलीत, पाठीतसुद्धा दोन इंच कमी. अस्तर ज्याने कापलं त्याला कोट किती आखूड होणार ते आठवडाभर आधी ठाऊक होतं. टेपही त्यानेच कापला, आणि टोपी दाबली ती हुकांच्या पक्कडीने."

भाचीने वळून पाहिलं. "ताई?"

थोरलीने सुई कापडात टोचून ठेवली.

"झोळ दिसला असता तर पहिल्याच दिवशी पकडलं असतं," ती म्हणाली. "मला बाराही हवे होते."

"का पण? मी काय वाईट केलं तुमचं?"

"पहिलं मशीन माझं. पहिली गिऱ्हाइकं माझ्या ओळखीची. तू म्हणालीस, ताई, बोर्डावर खाली जागा ठेवलीय, दुकान जरा चालू दे, मग तुमचंही नाव घालू. सहा वर्षं रोज कुलूप काढताना मी ती जागा वाचते आहे. मग पेपरवाले आले. लोक विचारतात, हा हात कुणाचा? तू सांगतेस, मदतीला असतात त्यांचा. कात्री तरी माझ्या हातात देशील वाटलं होतं, तर समोरून मास्तरांना आणलंस. मला विचारलंसुद्धा नाहीस. जळत होते मी. तुझं नाव एकदा पडलेलं बघायचं होतं. एकदाच."

"आणि मास्तर?" आत्याने विचारलं. "त्यांच्यावर येणार हे दिसत होतं ना?"

थोरलीने मास्तरांकडे बघायचं टाळलं. "दिसत होतं."

भाची मटकन स्टुलावर बसली.

"मापवही बघ तुझी," आत्या तिला म्हणाली. "बारा परक्या माणसांच्या बाह्या पाव इंचापर्यंत लिहून ठेवल्यास. घरच्या माणसाचा दुकानात वाटा किती, ते कुठे लिहिलंयस? नुसतं बोलून ठेवलंस. हिचं पाप हिचं, ते मी कमी करत नाही. पण दोन टेपांवर दुकान तूच चालवत होतीस."

भाचीने डोळे पुसले आणि मास्तरांसमोर हात जोडले.

"ते नंतर," मास्तर म्हणाले. "मी शिवणीच्या आत दीड इंच सोडतो, सगळीकडे. जुनी खोड आहे. बाही, लांबी, दोन्ही कुशी, सगळं सुटेल. परवापर्यंत कोट होतील. अस्तरं मात्र बाराही नवी लागतील, आणि ती मला जमायची नाहीत."

तिघांनी खिडकीकडे पाहिलं.

"ताई, मी उद्याच रंगाऱ्याला बोलावते," भाची म्हणाली. "नाव घालू. कागदावरही करू. खरंच."

"आता नको," थोरली म्हणाली. "महिन्यापूर्वी घातलं असतंस तर ते माझं नाव होतं. आता ते वर चढलं तर मला रोज हे कोट दिसतील."

तिने कमरेची दुकानाची किल्ली काढली आणि मापवहीवर ठेवली.

"परवा कोट गेले की मी येणार नाही. अस्तरं करून देते. ती माझ्या हातून बिघडलीत."

थोरली कापायच्या टेबलाशी आली. मास्तर बाजूला सरकले आणि त्यांनी मोठी कात्री तिच्यापुढे ठेवली. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"बाही किती?" थोरलीने विचारलं.

भाचीने किल्ली उचलून वही उघडली. "चोवीस."

आत्याने पोलादी पट्टी टेबलावरच राहू दिली आणि बाहेर पडली. बोर्डाखालून जाताना तिने वर पाहिलं नाही. घरी जाऊन तिला एक फोन करायचा होता, त्या जुन्या पोरीला, तीन दिवसांच्या फाईलबद्दल.