माविया काय म्हणाला

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या तळावर अडतीस माणसे राहत होती. त्यांचा प्राणवायू नऊ टाक्यांतल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून येत असे. त्या शेवाळाला विषाणूची लागण झाली, तेव्हा साठवणीत बावीस दिवसांचा प्राणवायू होता. पृथ्वीवरून यान यायला चाळीस दिवस लागणार होते.

डॉ. मृण्मयी तांबवेकरांनी प्रयोगशाळेत त्वरित उत्क्रांतीचे यंत्र सुरू केले. शेवाळ विषाणूत सोडायचे, ज्या पेशी जगतील त्या उचलून वाढवायच्या, पुन्हा विषाणूत सोडायच्या. अकराव्या दिवशी त्यांना विषाणूला दाद न देणारे शेवाळ मिळाले. पण ते जेमतेम तग धरत होते. पूर्वीच्या एक पंचमांशही प्राणवायू त्यातून निघेना.

तळप्रमुख नेगी प्रयोगशाळेत आल्या. "टाक्या माविया सांभाळतो. त्याला विचारलंत?"

"विचारलं. 'ठीक आहे, मॅडम' म्हणाला."

"चार महिने तो तुम्हाला तेवढंच म्हणतोय. का, ते आठवतं?"

मृण्मयींना आठवले. माविया म्हणजे लालरिनमाविया, मिझोरममधल्या ऐजॉलचा, ख्रिस्ती, पुण्यात अभियांत्रिकी शिकलेला, मराठी छान बोलणारा. एकदा जेवताना तो सहज म्हणाला होता, की बायबलात म्हटल्याप्रमाणे सगळे जीव देवाने सहा दिवसांत घडवले असे तो मानतो. "मग टाकीतलं शेवाळ कितव्या दिवशी घडवलं रे त्यानं?" मृण्मयींनी सर्वांदेखत विचारले होते. सांगलीला त्यांच्या घरी जेवताना असेच वाद रंगत, आणि नीट भांडणाऱ्याला आजी आग्रहाने आणखी वाढत. इथेही सगळे हसले. मावियाही हसला. त्या हसण्याचा अर्थ मृण्मयींनी आपल्या घरच्यासारखाच लावला होता.

त्या तडक टाक्यांच्या दालनात गेल्या.

"माविया, त्या दिवशी मी तुझी चेष्टा केली. चुकलं माझं."

तो गडबडला. "आमच्या घरी चार लोकांत मोठ्यांना उलट बोलत नाहीत, मॅडम. म्हणून गप्प बसलो. मग ती सवयच झाली."

"आता बोल. काय दिसतं तुला या टाक्यांत?"

"सांगतो. पण माझं म्हणणं आधी तुम्ही तुमच्या शब्दांत मला परत सांगायचं. मी हो म्हटलं, की मग खुशाल खोडून काढा."

"कबूल."

"सातवी टाकी सगळ्यात उशिरा आजारी पडली. तिच्या काचेवरचा जिवाणूंचा बुळबुळीत थर मी घासला नव्हता. मला वाटतं, देवानं एकटं असं काहीच घडवलं नाही. तुम्ही मात्र शेवाळाला एकटं काढून वाढवताय."

"म्हणजे तुझं म्हणणं, देवानं..." मृण्मयी अडखळल्या. खोडून काढायचे शब्द जिभेवर आले होते. ते त्यांनी गिळले. "शेवाळ आणि तो थर एकमेकांसाठी आहेत. आणि मी निवड करतेय एकेका पेशीची." त्या थांबल्या. "निवड अख्ख्या टाकीची करायला हवी!"

"'निवड' हा शब्द तुमचा. बाकी हो."

मग मृण्मयींनी आपला बेत सांगितला. काचेच्या साठ चंबूंत सातव्या टाकीतले सगळे भरायचे, थरासकट, विषाणूसकट. सर्वांत जास्त प्राणवायू देणारे सहा चंबू ठेवायचे, त्यांतून पुढचे साठ भरायचे. आत कोण जगले, कोण मेले, ते बघायचेच नाही. मावियाने ते जसेच्या तसे परत सांगितले आणि म्हणाला, "म्हणजे दर वेळी निवडणारं कुणीतरी आहेच की!"

मृण्मयींनी त्याचे वाक्य परत म्हटले, त्याने मान डोलावल्यावर उत्तर दिले, "इथे आहे. आदिम समुद्रात नव्हतं, असं मी मानते." तेही त्याने परत म्हणून दाखवले. दोघेही तसूभर हलले नाहीत. पण बोलता बोलता साठ चंबू भरून झाले.

सात फेऱ्यांनंतर विजेते चंबू टाक्यांत ओतले. एकविसाव्या दिवशी टाक्यांतून पूर्वीपेक्षा जास्त प्राणवायू येऊ लागला. खात्री करायला मृण्मयींनी नमुना तपासला, मग पुन्हा एकदा तपासला. विषाणू तिथेच होता. नऊही टाक्यांत.

जनुके वाचायला दोन दिवस गेले. शेवाळाचे प्रकाशसंश्लेषणाचे एक जनुक विषाणूने उचलले होते. थरातल्या जिवाणूंमुळे त्याला शेवाळाची पेशी फोडता येत नव्हती. आत राहून तो तिचे प्रकाशयंत्र अधिक जोमाने चालवत होता. नियम फक्त प्राणवायूचा होता. विषाणूला हाकला, असे चंबूंना कुणी सांगितलेच नव्हते. अकरा दिवस मृण्मयी ज्याच्याविरुद्ध लढल्या, त्याच्यामुळेच आता अडतीस माणसांना मोकळा श्वास मिळत होता.

पृथ्वीवर पाठवायच्या अहवालात याचे कारण त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे लिहिले. खाली मावियाने त्याच्या समजुतीप्रमाणे एक परिच्छेद लिहिला. त्यातले एक अक्षरही त्यांनी बदलले नाही.

"मला आभार मानायचेत," त्या त्याला म्हणाल्या. "तुझे मानले. पण तेवढ्यानं भागत नाहीये. आणखी कुणाचे मानू, ते कळत नाही."

"रविवारी मी प्रार्थना म्हणतो. मिझो भाषेत. तुम्हाला कळणार नाही."

"चालेल. मी नुसती बसते."

रविवारी त्या त्याच्या शेजारी बसल्या. त्याने डोळे मिटले होते, त्यांनी नाही. अनोळखी शब्दांच्या ओघात त्यांना मधेच 'मॅडम' ऐकू आले, आणि पाठोपाठ 'व्हायरस'. मृण्मयींनी हळूच बाहीने डोळे टिपले आणि प्रार्थना संपेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.