टेपचं दुसरं टोक

मोबाइल खाली ठेवा आधी. त्या उजेडात तुमचीच थोबाडं भुतासारखी दिसताहेत. आणि उद्या कोणी "काका, खरं सांगा" म्हणून मला पिडायचं नाही. ही गोष्ट आमच्या साडूभाऊंच्या बाबतीत घडलेली आहे. साडूभाऊ थापा मारायला लागले की त्यांचे कान लाल होतात. हे सांगताना झाले नव्हते, मी मुद्दाम पाहत होतो.

साडूभाऊ हायवेच्या ऑफिसात मोजणीला होते. अपघात झाला की टेप घेऊन जायचं, ब्रेकचे काळे पट्टे किती लांब उमटलेत ते मोजायचं आणि फॉर्मात भरायचं. टेपला माणसं दोन लागतात. एकजण टोकाची कडी धरतो, दुसरा आकडा वाचतो. कडी नीट धरली की धरणारा दोन हिसके देतो, म्हणजे वाचा आता. गाड्यांच्या गोंगाटात ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून ही रीत.

त्या सुमारास पुलापलीकडच्या वळणावर एक दुधाचा टँकर कठडा तोडून खाली गेला. ड्रायव्हर जागच्या जागी संपला. त्याला सगळे कासव म्हणायचे, इतका सावकाश चालवायचा. मागचे हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला यायचे, हा ढिम्म. आणि अशा माणसाच्या फॉर्मवर साहेबांनी काय लिहिलं? ब्रेकच्या खुणा नाहीत, चालकाला डुलकी लागली.

साहेब लबाड नव्हते, घाईत होते. अपघातामागे पाच किलोमीटर गाड्या तुंबल्या होत्या. कठड्यापाशी चार पावलं रस्ता मोकळा होता, तेवढा त्यांनी पाहिला, तोही सांडलेल्या दुधाने माखलेला. बाकी रस्त्यावर ट्रक उभे. ट्रकखाली वाकून कोण बघणार?

कासवाची बायको ऑफिसात आली. रडली नाही. साडूभाऊंच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "भाऊ, माणूस गेला तो गेला. पण झोपेत गेला असं लिहू नका. बाप झोपला म्हणून मेला, हे ऐकत माझ्या मुलांनी मोठं व्हायचं का?"

साडूभाऊंचं डोकं सटकलं. ते वळणच चुकलेलं आहे हे त्यांना ठाऊक होतं. वळणावर रस्ता आतल्या बाजूला झुकलेला हवा, इथे तो बाहेर झुकलेला. ब्रेक दाबला की गाडी कठड्याकडेच घसरणार. पण ब्रेक दाबल्याचं कागदावर आलं तर रस्त्याला दोष लागणार ना! त्यात बुधवारी रात्री तिथे नवं डांबर पडायचं होतं. दिवसा त्या रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नसते, म्हणजे मंगळवारची एकच रात्र हाताशी. मदतनीस साहेबांना घाबरून म्हणाला, पोट बिघडलंय. साडूभाऊ म्हणाले, बिघडू दे, मी एकटा जातो.

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. मध्यरात्र उलटून दोन तास दहा मिनिटं झालेली. रस्ता जवळजवळ रिकामा. साडूभाऊंनी इशाऱ्याचे प्लॅस्टिकचे कोन मांडले, टेपची कडी तुटक्या कठड्याला अडकवली आणि टेप गुंडाळलेलं चक्र हातात धरून, टँकर जिकडून आला होता तिकडे निघाले. टॉर्च रस्त्यावर. पाच मीटर. दहा. बारा. काही नाही. इतके दिवस हजारो चाकं फिरलेली, पट्टे पुसून गेले होते. त्यांनी नशिबाला एक शिवी हासडली आणि टेप गुंडाळायला घेतली.

टेप येईना.

अडकली असेल. त्यांनी ओढली. पलीकडून... कोणीतरी ओढली.

मग दोन हिसके.

"कोण आहे?"

...

टेप सैल झाली. कडी सुटली होती. पण ती जमिनीवर पडली नाही. हवेतून आली, कमरेएवढ्या उंचीवरून. साडूभाऊंच्या डाव्या हाताला आली... पुढे गेली. पावलांचा आवाज नाही. हातातलं चक्र मात्र गरगर फिरत होतं. मग थांबलं.

एक ट्रक आला. त्याच्या झोतात साडूभाऊंनी पाहिलं. टेप ताणलेली. टोक हवेत. धरणारं... कोणी नाही.

ट्रक गेला. अंधार.

दोन हिसके.

जीप वीस पावलांवर होती. पाय तिकडेच वळत होते. पण साडूभाऊ मला म्हणाले, भीती वाटली त्याहून जास्त लाज वाटली. मेलेला माणूस आपली बाजू मांडायला उभा राहतो आणि आपण जिवंत असून पळायचं? त्यांनी चक्र दोन्ही हातांत धरलं.

"घट्ट धरा, कासवराव. मी कठड्यापाशी जातो."

एकेक पाऊल मागे टाकत ते कठड्यापर्यंत गेले. चक्र टेकवलं. टॉर्च धरली. एकेचाळीस मीटर, साठ सेंटिमीटर. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला आणि टेप अलगद जमिनीवर पडली.

जिथे कडी पडली होती तिथे त्यांनी पाणी ओतून ब्रशने घासलं. खडीच्या फटींत काळं रबर भरलेलं होतं. दोन सरळ रेघांत, कठड्याच्या रोखाने. त्यांनी फोटो काढले.

सकाळी फोटो पाहून साहेब म्हणाले, हा मळ आहे, आणि एकट्याची मोजणी चालत नाही.

"एकटा नव्हतो," साडूभाऊ म्हणाले.

"मग दुसऱ्याला बोलवा."

"तो इथे यायचा नाही. तुम्हीच रात्री वळणावर चला. टोक धरायला येतो तो."

साहेबांनी डुलकी लिहिलेला फॉर्म त्यांच्यापुढे ढकलला. मग म्हणाले की नोकरी गमवायची असेल तर खुशाल लिहा, डांबर आज पडणारच. साडूभाऊंनी तिथेच, त्यांच्यासमोर फॉर्मवर आकडा लिहिला. खाली लिहिलं, चालक जागा होता, आणि सही ठोकली.

रात्री डांबर पडलं. रोलर फिरला. सहापर्यंत रस्ता बंद. साडेपाचला मुकादमाने दोघांनाही फोन केला, लवकर या म्हणाला.

कोवळं, काळं कुळकुळीत डांबर. एकही चाक अजून त्यावरून गेलेलं नव्हतं. आणि त्यावर ब्रेकचे पट्टे. एक जोडी नाही. कुठे लांब, कुठे आखूड, एकमेकींना छेदत जाणाऱ्या जोड्या... सगळ्या कठड्याकडे गेलेल्या.

साडूभाऊंनी मोजल्या. एकोणीस.

त्या वळणाचे फॉर्म कपाटात किती आहेत, हे साहेबांना पाठ होतं. तेही एकोणीस. सगळ्यांवर डुलकी. सगळ्यांवर त्यांचीच सही.

कोनांमागे गाड्या तुंबायला लागल्या. हॉर्न सुरू झाले. साहेब म्हणाले, रोलर फिरवा. मुकादम जागचा हलला नाही.

साडूभाऊंनी पिशवीतून टेप काढली आणि कडी साहेबांपुढे केली. "घ्या," ते म्हणाले. "एकोणीस वेळा धरायची आहे."

साहेब त्या डांबराशेजारी खाली बसले. आणि त्यांनी कडी धरली.