अनिलच्या नावाचा कोंबडा

फासकी लावायची म्हणतोस? ठेव ती तार खाली, ऋत्विक. आधी बस इथे. ईशा, तूही ये, आणि येताना दार लोटून घे. गार वारा येतोय.

काल रात्री तुमच्या आजीची कोंबडी कोल्ह्याने नेली म्हणून तुझं डोकं फिरलंय, ते कळतं मला. आपल्या वाडीत कोल्ह्याला शिव्या घातल्या नाहीत असं एक घर नाही. कुणी खुराड्यावर बल्ब टांगतो, कुणी जुनं मासे धरायचं जाळं अंथरतो. लवूने तर खुराड्याजवळ रात्रभर रेडिओ लावून ठेवला होता. कोल्ह्याने सगळ्या बातम्या ऐकल्या आणि जाताना दोन तलंगा नेल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, तुम्हा मुंबईकरांना तेही सांगावं लागतं. हसा, हसा. आम्हीही हसलो होतो. लवू तेवढा हसत नव्हता.

पण फासकी मी लावू देणार नाही. का, ते सांगतो. मधे बोलू नका.

वरच्या वाडीतला केरू तुम्ही पाहिलेला नाही. मला दादा म्हणायचा. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. म्हणजे, आयुष्यात एकदाच बोलला, आणि त्यात आम्ही सगळी वाडी त्याला सामील होतो. ही गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकलेली आहे. शेवटचं मात्र मी स्वतः पाहिलंय.

साल दोन हजार चोवीस. तेवीस जानेवारी, मंगळवार, पौष शुद्ध त्रयोदशी. अमावस्या नव्हती, उगाच तिखटमीठ लावणार नाही. दुपारी जेवून मी जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात केरू दारात.

"दादा, अलोऱ्याला येताव काय? जाळी आणायची हाय. नि चांगली कडी."

मी वीज प्रकल्पात वायरमन म्हणून रिटायर झालेला, पक्कड-पान्हे घरात पडलेले, त्यामुळे असल्या कामाला सगळ्यांना मीच आठवतो. स्कूटर काढली. जाळी घेतली, कडी घेतली, टपरीवर चहा घेतला. केरूने चहा अर्धा टाकला. मी म्हटलं, "अरे, कोंबडाच तो. एवढं काय मनाला लावून घेतोस?" तो म्हणाला, "दादा, आता एकच रवलाय."

तो एक कोंबडा काय होता, ते आधी ऐका.

केरूचा मुलगा अनिल. एकुलता एक, सव्वीस वर्षांचा, मुंबईत कामाला. आदल्या गणपतीला आला होता तेव्हा जनीने, म्हणजे केरूच्या बायकोने, कोंबडी अंड्यांवर बसवली. अनिलने स्वतःच्या हाताने अंडी खाली सारली आणि म्हणाला, "आये, यातलं कोंबडं मी शिमग्याला खाणार." झालं. पिल्लं निघाली, त्यांत तीन नर निघाले. ते अनिलच्या नावाचे. जनी पाहुण्यालाही सांगायची, त्या तिघांकडे बघू नका, ते आमच्या अनिलचे हायत.

आणि दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात अनिल गेला. कामावरून परत येताना मोटारसायकल घसरली. जागच्या जागी.

जनीला छातीचं दुखणं. चिपळूणच्या डॉक्टरने बजावलं होतं, हिला धक्का बसता कामा नये. केरू म्हणाला, मुलगा गेला, आता बायको घालवू? म्हणून तिला सांगितलंच नाही. तो "खोलीचं काम हाय" म्हणून मुंबईला गेला. क्रिया पुतण्याने केली, कारण केरूने डोकं भादरलं असतं तर दारात पाऊल टाकताच तिला कळलं असतं. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. दोन तास. केरू हात जोडून म्हणाला, तुझ्या आईला मी सांभाळीन. तरी शिवेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला आणि सगळे घरी गेले. हे वाडीत त्याने एकट्या मला सांगितलं होतं. मी तुमच्या आजीलाही बोललो नाही.

मग खोट्यावर खोटं. अनिल लांब कामावर गेलाय, तिथे फोन लागत नाही, रविवारी तोच करतो. आणि दर रविवारी संध्याकाळी केरू अंगणात जाऊन फोन कानाला लावायचा. पलीकडे कुणी नसायचं. "व्हय, व्हय... जेवलास काय?... शिमग्याला ये हां. आयेन तुज्या नावाचा कोंबडा राखलान हाय." जनी आत चुलीपाशी. एकदा मी बांधावरून येताना हे ऐकलं आणि तसाच मागे फिरलो. त्याच्याकडे काय काम होतं तेही विसरलो.

डिसेंबरच्या शेवटी पहिला कोंबडा गेला. जानेवारीत दुसरा. आता कोल्हा कसा असतो, तुम्हाला सांगतो. हाताला लागेल ते नेतो, पिसं उधळतो, एक नेताना तीन मारून टाकतो. इथे तसं काहीच नाही. शेजारी सात तलंगा बसलेल्या, त्यांना धक्का नाही. पीस नाही, रक्त नाही. केरूने दगड लावले, दोरी बांधली. तरी नेमका अनिलच्या नावाचाच जातो. मी तेव्हा म्हटलंसुद्धा, मोठा निवडून खाणारा कोल्हा दिसतोय. आता वाटतं, माझी जीभ का झडली नाही.

तर त्या मंगळवारी संध्याकाळी मी त्याच्या खुराड्याला जाळी मारली, कडी बसवली, आणि कडीत जाड तार घालून पकडीने पाच पीळ दिले. केरूला म्हटलं, आता माणसाने सोडवली तरच सुटेल. जनी पायरीवर उभी राहून बघत होती. मला चहा दिला तिने.

रात्री जेवणं झाली. केरू म्हणाला, "मी पडवीत झोपतंय." जनीचा डोळा लागला असं वाटल्यावर तो काठी आणि बॅटरी घेऊन गवताच्या उडवीमागे जाऊन बसला. खुराडं समोर, वीस हातांवर. चांदणं लख्ख. अंगणातला खडा न् खडा दिसत होता.

अकरा वाजले. बारा वाजले. खालच्या वाडीतली कुत्री भुंकत होती, त्यांची सोबत वाटत होती. थंडीने गुडघे आखडले. त्याने मोबाइलमध्ये पाहिलं, दोनला दहा कमी होते.

आणि कुत्री गप्प झाली. सगळी. एकदम.

मागच्या दाराची कडी वाजली.

जनी बाहेर आली. हातात दिवा नाही. पायात चप्पल नाही. ती सरळ खुराड्यापाशी गेली आणि खाली बसली. मी पिळलेली तार... एकेक पीळ उलटा सोडवायला लागली. वेळ लागला तिला. बोटं दुखत होती, मधेमधे तोंडात धरत होती. केरूला उठवेना. हाक मारवेना.

तिने कोंबडा काढला. पदरात घेतला. पाठीवरून हात फिरवला. कोंबडा ओरडला नाही. तिने तो अंगणात ठेवला, तरी तो पळाला नाही.

"ये," ती म्हणाली. "ये, बाळा."

विहिरीकडच्या वाटेने काहीतरी वर आलं.

कोल्हा होता. केरू शपथेवर सांगायचा, कोल्हाच होता. करडा, बारीक, शेपटी खाली. पण अंगणाच्या कडेला तो थांबला... माणूस चपला काढायला थांबतो ना, तसा. मग आत आला. जनीपासून दोन हातांवर बसला. कोंबड्याकडे बघितलं नाही त्याने. तिच्याकडे बघत होता.

"भुकेला असशील," जनी म्हणाली. "तितं तुला घास पोचला नाय. कावळा शिवला नाय ना?"

हे तिला कुणी सांगितलं होतं? ... कुणीच नाही.

मग ती पुन्हा बोलायला लागली. हळू. रोजच्यासारखं.

"बाबांना दिसू नको हां. मुंबईसून आले नि चार दिवस तुजा नाव काढला नाय त्यांनी. तवाच मना कळला. त्यांना वाटतंय, मना ठावं नाय. तेवढ्यावरच उभे हायत ते. तेवढा रवू दे त्यांना."

केरूच्या हातातली काठी गळाली. गवतावर पडली, आवाज झाला नाही. त्याला हाक मारायची होती. एकच. अनिल. बाकी काही नको होतं. पण हाक मारली असती तर जनीला कळलं असतं की त्याने सगळं ऐकलं. जिने तीन महिने एकटीने गिळलं, फक्त त्याच्यासाठी... तिचं तेवढंही मोडलं असतं.

त्याने पंचा तोंडात कोंबला.

कोल्ह्याने मान वळवली. उडवीकडे पाहिलं. ... पाहत राहिला.

केरू मला म्हणाला, "दादा, तो थांबला होता. मी हाक मारीन म्हणून थांबला होता. नि मी नाय मारली."

मग कोल्ह्याने कोंबडा उचलला. मांजर पिल्लू उचलते तितक्या अलगद. आणि गेला. विहिरीच्या वाटेने. खाली.

जनी बसून राहिली. किती वेळ, ते केरूला सांगता आलं नाही. मग तिने खुराड्याची कडी लावली. तार पुन्हा घातली. पाच पीळ मोजून दिले. आत गेली.

सकाळी तिनेच त्याला उठवलं. "अवो, कोल्ह्यान शेवटचा पण नेलान." आणि केरू म्हणाला, "मेला कोल्हा."

एवढंच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

साडेसहाला तो माझ्याकडे आला. मी चूळ भरत होतो. त्याने माझा दंड धरला आणि मला त्याच्या बांधापर्यंत नेलं, आणि तिथे उभ्याउभ्या हे सगळं सांगितलं. रडत नव्हता. त्याला रडायचं माहीत राहिलं नव्हतं. म्हणाला, "वाडीभर शिव्या घातल्या आपण त्याला. मी तर विष आणणार होतो, दादा." मी स्वतः त्या जाळीला खिळे मारले होते.

काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, चल, पिसं सापडतात का बघू. विहिरीच्या वाटेने खाली उतरलो. बांधाच्या आडोशाला, सपाट जागा बघून, केळीचं पान मांडलेलं होतं. मधोमध मिटलेलं, जेवून उठताना आपण मिटतो तसं.

मी ते उघडलं.

हाडं. चाटूनपुसून साफ केलेली, एका बाजूला नीट लावलेली. आणि दुसऱ्या बाजूला दोन तंगड्या. न खाल्लेल्या. शिजवलेल्या होत्या, वाटपाचा रस लागलेला होता त्यांना.

केरू वाकून बघत राहिला. मग बोट लावून म्हणाला, "ही तिची." दुसरीवर बोट नेलं. ते तिथेच टेकून राहिलं.

मी पान उचलून त्याच्या दोन्ही हातांत दिलं. मला वाटलं, पंचाखाली लपवून कुठेतरी पुरून टाकेल. तो तसाच चालत घराकडे गेला, उघड्यावर, पान पुढे धरून. मागच्या दाराने चुलीपाशी गेला. मग भांडं पडलं. मग जनीचा हंबरडा, आणि त्यात केरूचा. सगळी वाडी बाहेर आली. कुणी आत गेलं नाही. अनिल गेल्याचं रडणं त्या घरात त्या दिवशी झालं, ईशा. दोघांनी मिळून केलं. मी बांधावर बसून केलं.

काय गं? कोणी शिजवलं?

तेच तर मी आठवडाभर विचारत फिरलो. वाडीत त्या रात्री कुणाच्याही घरी कोंबडा कापला नव्हता. जनीची चूल मी बघितली, राख गार पडलेली. पाटा कोरडा. आणि थंडी अशी की बांधावरचं गवत दवाने भिजून आडवं झालेलं, माझी बोटं बधिर झाली होती.

पण पान उचललं ना मी... ते खालून कोमट होतं.