पंधरावी रचना

ही गोष्ट माझ्या मावसभावाची, हिमांशूची. तो आपणहून कुणाला सांगत नाही. मलाही दोन बैठकांत सांगितली, आणि त्या दोन बैठकांमध्ये आठ दिवस गेले. यात मी पदरचं काहीच घातलेलं नाही. फक्त इमारतीचं नाव सांगणार नाही. तिथं अजून लोक राहतात.

२०२३ चा मे महिना. संभाजीनगर, सिडको. तिसरा मजला.

वेळ दुपारी अडीचची.

हो, दुपारचीच. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं.

हिमांशूचा गुलमंडीत एका कापड दुकानाच्या माडीवर छोटा स्टुडिओ आहे. पोटापाण्याला लग्नाचे व्हिडिओ आणि दुकानांच्या जाहिराती. खरा नाद मात्र वेगळाच. कुणी कधी रेकॉर्डच केलं नाही असं शास्त्रीय संगीत शोधायचं, वाजवणाऱ्याच्या घरी जाऊन ते टिपायचं, आणि आपल्या चॅनेलवर ठेवायचं. शे-दीडशे लोक ऐकतात. त्याला तेवढे पुरतात.

त्याला पुण्याहून मृण्मयी नावाच्या बाईंचा फोन आला.

"माझ्या आजोबांनी पायपेटीसाठी चौदा रचना बांधल्या होत्या. आईशिवाय त्या कुणालाच येत नाहीत. आणि आई आता... विसरायला लागलीये. डॉक्टर म्हणाले, जे काही करायचं ते लवकर करा."

पायपेटी म्हणजे पायानं हवा भरून वाजवायचा ऑर्गन. पूर्वी नाटकांच्या साथीला असायचा. खाली दोन पट्ट्या असतात, त्या आळीपाळीनं दाबत राहायच्या. पाय थांबला की हवा संपते आणि सूर मरतो.

हे लक्षात ठेवा.

मृण्मयीची आई म्हणजे भानुमतीकाकू. सिडकोतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर त्यांचं, आणि वडिलांची पायपेटीही तिथंच. एकाहत्तर वर्षांच्या, शाळेतून निवृत्त. ताठ बसणाऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांचे वडील लक्ष्मणराव दिवसा कचेरीत कारकुनी करायचे आणि संध्याकाळी हौशी नाटक मंडळींत पेटी वाजवायचे.

काकूंनी हिमांशूपुढं वडिलांची वही ठेवली. पेन्सिलीनं लिहिलेली. प्रत्येक रचनेची नुसती पहिली ओळ.

"बाकीचं?"

काकूंनी बोटानं कपाळ दाखवलं. "इथं आहे. अजून तरी."

पहिल्या दिवशी खिडक्यांवर गोधड्या लावल्या. कूलर बंद, पंखा बंद, फ्रीजसुद्धा बंद. नळाला पाणी येण्याचा दिवस टाळला होता, नाहीतर सगळ्या इमारतीच्या मोटारी चालू होतात. स्वयंपाकघरात गोजरबाई होत्या. बिडकीनच्या, वीस वर्षं काकूंकडं कामाला. त्यांनाही भांडं वाजवायचं नाही असं सांगितलं.

हिमांशूनं पेटीच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक माइक लावला. कानाला हेडफोन लावला.

पहिल्या तीन रचना काकूंनी सरळ वाजवल्या. हिमांशूच्या अंगावर काटा आला, पण आनंदानं. असले सूर त्यानं कुठंच ऐकले नव्हते.

चौथीला काकू अडकल्या.

बोटं पट्ट्यांवर तशीच. पाय चालू. एकच सूर लांबत राहिला... लांबत राहिला... काकूंचे ओठ थरथरायला लागले.

आणि हेडफोनमध्ये कुणीतरी हळूच म्हणालं...

"प... ध... म..."

काकूंची बोटं सुटली. रचना पूर्ण झाली.

हिमांशूला वाटलं, काकूच गुणगुणल्या असतील. वादक गुणगुणतात. त्यानं मनावर घेतलं नाही.

पाचवीला पुन्हा तेच. काकू थांबल्या. पुन्हा तो आवाज. आणि शेवटी एक शब्द.

"हं... पुढं."

या वेळी हिमांशू काकूंच्या तोंडाकडंच बघत होता.

ओठ मिटलेले होते.

रात्री त्यानं स्टुडिओत दोन्ही माइक वेगवेगळे करून ऐकले. डाव्या माइकमध्ये आवाज जेमतेम होता. उजव्यात स्पष्ट. म्हणजे बोलणारा पेटीच्या उजवीकडं होता.

पेटीच्या उजवीकडं भिंत होती. मध्ये वीतभर जागा.

दुसऱ्या दिवशी त्यानं काकूंना ते ऐकवलं. लपवणं त्याला बरं वाटेना. मनात म्हटलं, वडिलांचा आवाज असेल तर त्यांना आनंदच होईल. त्याला स्वतःलाही तसंच वाटत होतं. बाप लेकीला आठवण करून देतोय. त्यात भिण्यासारखं काय?

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. एकदा. मग दुसऱ्यांदा.

"हे बाबा नाहीत."

"काकू, आवाज बारीक आहे, नीट..."

"अरे, बापाचा आवाज ओळखणार नाही का मी? बाबांचा जाडाभरडा होता, तपकिरीनं बसलेला. आणि ते सरगम कधी तोंडानं सांगायचेच नाहीत. बोट धरून दाखवायचे." त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "हा कोण आहे, मला ठाऊक नाही."

खोलीत उकडत होतं. तरी हिमांशूच्या पाठीवरून गार काहीतरी सरकलं.

"मग थांबवूया काकू. आज नको."

काकूंनी वही पुढं ओढली.

"सकाळी गोजरला मी तीनदा विचारलं, आज वार कोणता. ती सांगते आणि मी विसरते. तू आज थांबवलंस तर पुढच्या महिन्यात माझ्याकडं काय राहील, सांग?"

हिमांशूचा हात माइकच्या वायरीवर थांबला.

"कोण का असेना. आठवण करून देतोय ना? लाव तुझं यंत्र."

त्यानं लावलं. आजही तो म्हणतो, तिथंच माझं चुकलं.

त्या दुपारी चार रचना झाल्या. प्रत्येकीत काकू अडकल्या आणि प्रत्येकीत आवाज आला. फरक एवढाच की आता तो काकू अडकायच्या आधीच यायचा. आधी सूर सांगायचा, मग काकूंचं बोट तिथं जायचं.

आणि तो दर वेळी थोडा जवळून येत होता.

तिसऱ्या दिवशी काकू जास्त बोलल्याच नाहीत. थेट पेटीवर बसल्या. दहा, अकरा, बारा, तेरा. मध्ये पाणीसुद्धा घेतलं नाही. हेडफोनमध्ये आता श्वास ऐकू येत होता. काकूंचा एक. आणि त्याच्या मागोमाग दुसरा.

चौदावी संपली.

हिमांशूनं सुस्कारा सोडला. रेकॉर्डर बंद करायला हात पुढं केला...

"हं... पुढं."

काकूंनी नवीन सूर धरला.

वहीत चौदाच रचना होत्या. ही पंधरावी. संथ, एकाच जागी घोटाळणारी, परत परत त्याच वळणावर येणारी. काकू एकदाही अडकल्या नाहीत. सूर सांगणारा आवाजही बंद झाला होता. ऐकू येत होती फक्त पेटी.

"काकू... झाल्या चौदा."

बोटं चालूच.

"काकू?"

दारात गोजरबाई येऊन उभ्या होत्या. हातात ओलं फडकं. त्या काकूंच्या तोंडाकडं बघत नव्हत्या. खाली बघत होत्या.

"दादा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "बाईचे पाय बघा."

हिमांशूनं पाहिलं.

काकूंचे दोन्ही पाय फरशीवर टेकलेले होते. जुळवून. एकदम स्थिर.

खालच्या दोन्ही पट्ट्या मात्र वरखाली होत होत्या. आळीपाळीनं. कुणीतरी सावकाश, सवयीनं दाबाव्यात तशा.

"पाय तर हालंना गेले," गोजरबाई म्हणाल्या. "मंग हवा कोन भरायलंय?"

हिमांशू उठला. काकूंचे डोळे उघडे होते, पण नजर कुठंच नव्हती. त्यानं त्यांची मनगटं धरली. इतकी गार की त्याचा हात मागं आला. गोजरबाईंनी फडकं टाकलं, काकूंना मागून मिठी मारली आणि बळंच ओढून घेतलं.

"सोडा माझ्या बाईला! सोडा म्हंते ना!"

बोटं पट्ट्यांवरून निघाली.

खोली शांत झाली. खालच्या पट्ट्या थांबल्या.

पण हिमांशूच्या कानातला हेडफोन तसाच होता...

आणि त्यात पेटी वाजतच होती.

त्यानं हेडफोन ओरबाडून काढला. रेकॉर्डर बंद केला. शेवटच्या फाइलची लांबी चार मिनिटं अकरा सेकंद दिसत होती. त्याला ती पक्की आठवते.

काकू पाच मिनिटांत भानावर आल्या. पाणी प्यायल्या. मग हसून म्हणाल्या, "किती घाम आलाय रे तुला! चल, सुरू करूया का?"

"झालं काकू. सगळं झालं."

"काय झालं?"

त्यांनी पेटीकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं. वही उलटीसुलटी केली.

"हे कुणाचं अक्षर आहे?"

गोजरबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या.

आठवड्याभरात मृण्मयी आईला पुण्याला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, आजार कधी कधी असा एकदम उतरणीला लागतो. लागत असेल. हिमांशूनं चौदा रचना साफ करून पाठवल्या. साफ करताना त्याला कळलं की त्यातला तो बोलणारा आवाज गेलाय. जिथं जिथं कुणी बोललं होतं, तिथं आता नुसती पेटी. मृण्मयी रोज आईला ते ऐकवते. काकू मान डोलावतात आणि विचारतात, "छान वाजवलंय. कोण आहेत या?" आता त्या मृण्मयीलाही ओळखत नाहीत. तिला अहोजाहो करतात.

पंधरावी त्यानं पाठवली नाही.

"काढून टाक ना मग," मी म्हणालो.

कॉम्प्युटर चालू करून त्यानं मला फाइलची लांबी दाखवली.

एक तास सदतीस मिनिटं.

"दर महिन्याला वाढते," तो म्हणाला. "मी हात लावलेला नाही."

"ऐकलीस?"

"शेवटची दोन मिनिटं. एकदाच."

"काय आहे त्यात?"

हिमांशूनं दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले.

"पेटी चालू आहे. आणि वाजवता वाजवता काकू बोलतायत. एकदम खणखणीत आवाज, शाळेतल्या बाईंसारखा. म्हणतायत, 'मृण्मयी, मी इथं आहे गं. दार लावून घेतलंय का कुणी? मृण्मयी...'"

ती फाइल पुसायचा धीर त्याला होत नाही. मृण्मयीला सांगायचाही होत नाही. दर भेटीत तो मला एकच विचारतो, मी काय करू?



काल त्याचा मेसेज आला. एक तास एकोणचाळीस.