टाचांची नोंद

अतिदक्षता विभागात सकाळच्या पाळीचं पहिलं काम म्हणजे रुग्णांची अंगं पुसणं. मोठ्या सिस्टर बत्तीस वर्षं ते स्वतःच्या हातांनी करीत आल्या होत्या. टाचा पाहण्यावर त्यांचा विशेष कटाक्ष असे. पडून राहिलेल्या माणसाची कातडी आधी तिथेच दगा देते.

सहा नंबरच्या बेडवर एक निवृत्त भूमापक होते. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून एकेचाळीस दिवस त्यांचा श्वास यंत्र घेत होतं. डोळा उघडला नव्हता की बोट हललं नव्हतं. आयुष्यभर जमिनी मोजत फिरलेल्या त्या पायांचे घट्टे पहिल्या पंधरवड्यातच गळून पडले आणि तळवे तान्ह्या बाळासारखे मऊ झाले. यात नवल काहीच नव्हतं. सगळ्यांचेच होतात.

बेचाळिसाव्या दिवशी तळवे राठ लागले.

"तेल लावायचं राहिलं का गं?" मोठ्या सिस्टरांनी हाताखालच्या धाकट्या सिस्टरला विचारलं.

"रोज लावते, सिस्टर. एवढी सेवा मी नवऱ्याचीसुद्धा करत नाही."

"तो सांगत होता मला," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि दोघी हसल्या. जखम नाही, लाली नाही. त्यांनी तक्त्यात नोंद केली : टाचा उत्तम.

दोन दिवसांत घट्टे परत आले. मग टाचांना भेगा पडल्या. भेगांत बारीक लाल माती होती. पुसून काढली, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा तितकीच. डाव्या अंगठ्याखाली फोड आला आणि फुटला, लांबची वाट तुडवल्यावर फुटतो तसा. चादर मात्र पांढरीशुभ्र. तिला सुरकुतीसुद्धा नव्हती.

धाकटीने थट्टा करणं सोडून दिलं. सिस्टरांनी डॉक्टरांना तळवे दाखवले. "बुरशी असेल," असं म्हणून त्यांनी मलम लिहून दिलं.

पन्नासाव्या दिवशी डॉक्टरांनी भूमापकांच्या एकुलत्या एका मुलीला बोलावून घेतलं. यंत्र चालू ठेवायचं की काढायचं, हे आता तिने ठरवायचं होतं. डॉक्टरांचं सगळं ऐकून झाल्यावर ती सिस्टरांकडे वळली.

"सिस्टर, रोज तुम्ही हात लावता त्यांना. अगदी खरं सांगा. बाबा परत येतील?"

सिस्टरांचं मत नोंदवायला कुठल्याही कागदावर जागा नसते. त्यांचं मत मात्र केव्हाच पक्कं झालेलं होतं : असं यंत्राला बांधून ठेवणं म्हणजे माणसाचे नुसते हाल. त्या तळव्यांचा अर्थही त्यांनी आपल्यापुरता लावून टाकला होता.

"ताई, ते कधीच निघालेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फार लांब गेलेत. आपण मागून ओढतोय, एवढंच. जाऊ द्या त्यांना."

मुलीने सही केली.

दुपारी तीन वाजता नळी काढली. अकरा मिनिटांनी पडद्यावरची रेघ सपाट झाली.

सिस्टर पाणी आणायला वळल्या, तोच दाराशी सफाईवाल्या मावशींचा आवाज चढला.

"कोण हो हे अनवाणी फिरलं? आत्ता पुसलीय मी फरशी! जरा दम धरवत नाही लोकांना!"

जिन्यापासून लाल मातीचे ठसे उमटले होते. दाराशी वळून ते आत आले होते. बोटं सहा नंबरच्या बेडकडे होती. प्रत्येक डाव्या ठशात अंगठा जरासा उचललेला होता.

सिस्टर ठशांच्या कडेकडेने चालत गेल्या. दोन पावलांत दोन फरश्यांचं अंतर. कुठेही कमी नाही, जास्त नाही.

"सिस्टर," बेडजवळून मुलगी म्हणाली, "बरोबर केलं ना आपण?"

सिस्टर खाली पाहत होत्या.

शेवटचा ठसा अजून ओला होता. तिथून बेड दोन फरश्यांवर होता.